राहायला दिलेल्या घरात खानावळ सुरू झाली, आता काय करावं? (लातूर)

औसारोडकर

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

लातुरात ट्यूशन एरियापासून चालत दहा मिनिटांवर आमचं घर आहे. २०११ ला बांधलेलं. खाली आम्ही, वर दोन खोल्या, हॉल, किचन. २०२२ च्या जूनमध्ये वरचा मजला एका कुटुंबाला भाड्यानं दिला. नवरा, बायको आणि अकरावीतली मुलगी. मुलीच्या नीटच्या, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, तयारीसाठी गाव सोडून आले होते, लातुरात निम्मे भाडेकरू असेच येतात. करार अकरा महिन्यांचा, शंभराच्या बाँडवर, नोटरी केलेला. रजिस्टर केला नाही, कारण आमच्या गल्लीत कुणीच करत नाही. पण त्यात स्पष्ट लिहिलंय, "सदर जागा फक्त राहण्यासाठी दिली आहे." अकरा महिने संपल्यावर नवा करार झालाच नाही. भाडं येत राहिलं, आम्ही घेत राहिलो.

पहिल्या दिवाळीनंतर मुलीच्या चार मैत्रिणी जेवायला येऊ लागल्या. काकूंच्या हाताला चव आहे, ते मान्यच करतो. चाराच्या दहा झाल्या, मग पोरं डबे न्यायला लागली. आज दोन्ही वेळचे मिळून साठ डबे जातात.

जिन्याच्या वळणावर तीन निळी सिलिंडरं उभी असतात. पहाटे पाचला दोन बायका पोळ्या लाटायला येतात, आमच्या बेडरूमच्या बरोबर डोक्यावर. खरकट्याचा ड्रम गेटपाशी. हे सगळंही सोसलं असतं. पाण्याचं सोसवत नाही. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव आहे हे. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी रांगेत उभं राहिलेल्या माणसाला साठ डब्यांची भांडी धुतल्याचा आवाज कसा ऐकू येतो ते बाहेरच्याला कळायचं नाही. बोअर फेब्रुवारीतच गुळण्या टाकायला लागतं. मागच्या एप्रिलमध्ये आठवड्याला दोन टँकर घेतले.

मागच्या आठवड्यात वर जाऊन म्हणालो, "काकू, हे राहायचं घर आहे, हॉटेल नाही." त्या पोळी उलथता उलथता म्हणाल्या, "दादा, आम्ही राहतोच की इथं. घरातच रांधायलोय. घरात रांधायचं नाही तर कुठं रांधायचं?"

मला उत्तरच सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का? करार मोडला म्हणून घर खाली करून घेता येईल का? नोटीस किती दिवसांची लागते?

बीडचा_बाप्पा

नोटीस कशाला? मोटारीचं बटन खाली तुमच्याकडंच असंल ना? आठ दिवस दाबू नका. नवव्या दिवशी टेम्पो लागतोय दारात का नाही बघा.

खंडपीठ_कट्टा

वरचा सल्ला अजिबात पाळू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ नेमकं याच्यावरच आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास, यातलं काहीही मालकानं सबळ कारणाशिवाय तोडलं तर भाडेकरू सरळ कोर्टात जातो, कोर्ट ते पुन्हा चालू करायला लावतं, आणि मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. म्हणजे आज तक्रारदार तुम्ही आहात, उद्या आरोपी व्हाल. बाप्पा, असं कुणाला करायला लावलंय का आधी?

बीडचा_बाप्पा

लावलं नाही, मीच केलं होतं. कोर्टानं पाणी चालू करायला लावलं, वर वकिलाची फी गेली. पण भाडेकरू वैतागून गेला हेही खरं. दोन वर्षांनी.

मीटर_रीडर

दोन वर्षांनी 😀

खंडपीठ_कट्टा

औसारोडकर, मी संभाजीनगरला वकिली करतो. कागद बघितल्याशिवाय शेवटचं मत देत नाही, पण ढोबळ सांगतो.

तुमच्या मनातला मुद्दा मालमत्ता हस्तांतरण कायद्यातला आहे, १८८२ चा. कलम १०८ चं पोटकलम (ओ). भाडेकरूनं जागा स्वतःची असल्यासारखी शहाण्या माणसानं वापरावी तशी वापरायची, आणि ज्या कामासाठी घेतली त्याहून वेगळ्या कामासाठी वापरायची नाही. आपल्या १९९९ च्या भाडे कायद्यानं कलम १६(१)(अ) मध्ये हेच उचललंय. भाडेकरू या (ओ) च्या विरुद्ध वागला असं कोर्टाला पटलं तर मालकाला ताबा मिळू शकतो. तेव्हा कारण कायद्यात आहे.

आता तुमची दुखरी बाजू. तुमच्या कागदाच्या वर "भाडेकरार" लिहिलंय की "लिव्ह अँड लायसन्स", म्हणजे ठरलेल्या मुदतीपुरता राहायचा नुसता परवाना? आत "मालक-भाडेकरू" असे शब्द आहेत का? असतील तर त्या भाडेकरू आहेत, परवानाधारक नाहीत. अकरा महिने संपले म्हणून भाडेकरूचं संरक्षण संपत नाही. अकराचा आकडा लोक कशासाठी धरतात, तर एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा जुन्या कायद्यानंही रजिस्टर करावा लागतो, तो टाळायला. पण १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नं ती पळवाट बंद केली. भाड्याचा असो की लायसन्सचा, कितीही महिन्यांचा असो, करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे. जबाबदारी मालकाची. नसेल तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि खरा चटका पुढं आहे. नोंदवलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात.

म्हणजे काकू कोर्टात म्हणाल्या की "डबे करते हे सांगूनच घर घेतलं होतं", तर "नाही" हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. तुमच्याकडं नोटरीचा कागद आहे, अगदी रिकाम्या हातानं नाही. पण तो संपून दोन वर्षं झाली.

नोटिशीचं म्हणाल तर भाडे कायद्याखालच्या दाव्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ ची पंधरा दिवसांची नोटीस लागतच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी १९७९ ला धनपाल चेट्टियार प्रकरणात ते मिटवलंय. भाडं थकलं असेल तेव्हा मात्र लेखी मागणी आणि नव्वद दिवस लागतात. तरी नोटीस पाठवाच, कारण अर्धी भांडणं नोटिशीवरच मिटतात.

आता तीन प्रश्न. खरं सांगा. १) डबे चालू आहेत हे कळल्यावर तुम्ही भाडं वाढवलं का? २) कधीपासून माहीत आहे, आणि लेखी हरकत घेतली का? ३) विजेचं मीटर कुणाच्या नावावर?

औसारोडकर

वरती "भाडेकरार" असंच आहे.

१) वाढवलं. २०२३ च्या जूनपासून दोन हजार. पाणी जास्त लागायलं म्हणून.
२) पहिल्यापासूनच माहीत आहे. लेखी हरकत नाही.
३) आमच्या.

शिलाई_ताई_परभणी

दोन हजार पाण्याचे म्हणून घेतले का भाड्याचे म्हणून?

औसारोडकर

त्या फोनपेवर पाठवतात. आत्ता बघितलं, दर महिन्याला खाली "भाडे + मेसचे पाणी" असं लिहिलेलं आहे.

बीडचा_बाप्पा

खलास.

खंडपीठ_कट्टा

खलास नाही, पण बाप्पा म्हणतोय त्यात तथ्य आहे. हरकत न घेता, माहीत असून, वाढीव पैसे घेत राहिलात तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की मालकानं संमती दिली होती, आता टँकरच्या बिलावरून रुसलाय. कायद्याच्या भाषेत त्याला हक्क सोडून देणं म्हणतात. त्या मोबाइलमधले वीस-बावीस मेसेज तुमच्या नोटरीच्या कागदापेक्षा जड आहेत.

औसारोडकर

आता सगळंच सांगतो. वडील दवाखान्यात होते तेव्हा अठरा दिवस डबा त्यांचाच होता आमच्याकडं. पैसे घेतले नाहीत त्यांनी.

नीट_रिपीटर

काका, ती मेस गेटला तुळशीचं वृंदावन असलेल्या घरात आहे का? असेल तर मी तिथंच जेवतो. प्लीज मेपर्यंत काही करू नका.

निवृत्त_गुरुजी_नांदेड

धागा वाचून जुनं आठवलं. तरुण मंडळींना ठाऊक नसेल, आपल्या मराठवाड्यात मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा कधी नव्हताच. आपण निजामाच्या मुलखातले, त्यामुळे आपल्याकडे हैदराबादचा कायदा चालायचा, १९५४ चा. पाच जिल्हे महाराष्ट्रात आले तरी कायदा तोच राहिला. विदर्भाचा आणखी तिसराच. ३१ मार्च २००० ला नवा कायदा लागू झाला तेव्हा हे तिन्ही एकदम गेले.

जुन्या कायद्यात दिवाणी कोर्टाऐवजी भाडे नियंत्रकापुढे अर्ज करावा लागे. आमचे वडील वजिराबादला भाड्याच्या घरात राहत. ओसरीवर त्यांनी टायपिंगचे दोन यंत्रं ठेवून क्लास चालवला. मालकानं अर्ज केला, जागा ज्या कामासाठी दिली त्याहून वेगळ्या कामाला वापरतात म्हणून. ते कारण त्या कायद्यातही होतं. मालकाचं खरं दुखणं टकटक आवाज हे होतं, आणि आम्हा पोरांना तर त्या आवाजाशिवाय झोप येत नसे. प्रकरण नियंत्रकानं निकालात काढण्याआधीच विजेरी टाइपरायटर आले, मग वडिलांचा क्लास आपोआपच बसला.

अवांतराबद्दल क्षमस्व.

शिलाई_ताई_परभणी

गुरुजी, अवांतर नाही हो ते, माझंच दुखणं आहे. मी भाडेकरू आहे. समोरच्या खोलीत मशीन ठेवून ब्लाउज, फॉल-पिको करते. पाटी नाही, पण गल्लीला माहीत आहे. उद्या मालकानं हेच कलम काढलं तर मलाही जावं लागेल का? सगळे इथं मालकाच्याच बाजूनं बोलायलेत. त्या काकूंनी पोरीला डॉक्टर करायचं म्हणून गाव सोडलंय, त्यांचाही विचार करा कुणीतरी.

खंडपीठ_कट्टा

ताई, प्रश्न रास्त आहे. धंदा आहे की नाही एवढंच कोर्ट बघत नाही. जागा मुळात कशासाठी दिली, आणि आता तिचा मूळ वापरच पालटला का, हे बघतं. तीन निकाल सांगतो, तिन्ही सर्वोच्च न्यायालयाचे.

एक संतराम विरुद्ध राजिंदरलाल, १९७९ च्या सुमाराचा. सिमल्यात एका चांभाराला छोटं दुकान भाड्यानं दिलेलं. तो तिथंच कधी स्वयंपाक करी, कधी झोपे. मालक म्हणाला दुकानाचं घर केलं. न्यायालय म्हणालं, गरीब माणूस दुकानात भाकरी भाजून झोपला म्हणून दुकानाचं घर होत नाही.

दुसरा गुरदयाल बत्रा, १९८९. सायकल-रिक्षा दुरुस्तीसाठी घेतलेल्या दुकानात भाडेकरू टीव्हीही विकायला लागला. बाहेर काढायला नकार. जागेची हानी नाही, मालकाचं नुकसान नाही, मूळ धंदा चालूच आहे, मग वापर बदलला असं कसं म्हणायचं? ही हानीची कसोटी ताईंच्या कामाची आहे.

तिसरा मात्र उलटा गेलाय. बिशंबर दास कोहली विरुद्ध सत्या भल्ला, १९९३. राहायला दिलेल्या घराच्या एका भागात वकिलाचं ऑफिस. तेवढ्यावरूनही घर खाली करायला लागलं. (आमच्याच बिरादरीचा बळी, म्हणून हा निकाल आम्ही विसरत नाही.) पण तो पंजाबच्या कायद्याखालचा. तिथं मालकाच्या लेखी संमतीशिवाय वेगळा वापर करायचा नाही असे स्पष्ट शब्द आहेत. आपल्याकडं १०८(ओ) च्या शब्दांवर भांडावं लागतं.

पहिले दोन दुकानांचे आहेत, तिसरा घराचा, हे ध्यानात घ्या. दुकानात एका धंद्याला दुसरा जोडणं आणि घरात धंदा घालणं यात कोर्ट फरक करतं. ताई एका खोलीत मशीन चालवतात, बाकी घरात राहतात, भिंतीला धक्का नाही, शेजाऱ्याला त्रास नाही. माझ्या मते त्या सुरक्षित आहेत. साठ डबे, तीन व्यावसायिक सिलिंडरं आणि पगारी बायका ही गोष्ट वेगळ्या पायरीवर गेली. कुठल्या डब्याला ती पायरी ओलांडली, ते कायदा सांगत नाही. दहाव्या? तिसाव्या? तो न्यायाधीशांचा अंदाज.

एन_सात_सिडको

वकीलसाहेब, माझा पण एक. संभाजीनगर, सिडको. नवरा-बायको म्हणून घर घेतलं, आता आत अकरा कॉट आहेत. पोरांकडून कॉटमागं पैसे घेतात.

खंडपीठ_कट्टा

तुमचं सोपं आहे. हा वापर बदलण्यापेक्षा पोटभाडेकरू ठेवण्याचा प्रकार. करारात मुभा नसेल तर कलम २६ नं मनाई, आणि १६(१)(इ) खाली ताबा. पण आत किती जण राहतात आणि पैसे कुणाला देतात याचा पुरावा लागेल. सिडकोच्या भाडेपट्ट्यातही वापराची अट असते, तो कागद आधी काढा, कारण तिथं मालकही स्वतः पट्टेदार असू शकतो. वेगळा धागा काढा, इथं नको.

मीटर_रीडर

महावितरणमध्ये आयुष्य गेलं, तेव्हा तिसऱ्या प्रश्नावर मी बोलतो. वकील लोक ताब्यावर बोलतात पण पहिला फटका बिलाचा बसतो.

घरात राहून घराच्याच एका भागात छोटा धंदा केला तर घरगुती दर चालतो. अट अशी की महिन्याचा वापर तीनशे युनिटच्या आत, आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० युनिटच्या आत. डॉक्टर, वकील, सीए घरातच बसून काम करतात त्यांनाही मुभा आहे, दवाखान्याचे वॉर्ड असतील तर नाही. शिलाई ताई आरामात बसतात त्यात. तीनशेच्या वर गेलं आणि धंदा सापडला तर वीज कायदा २००३ चं कलम १२६. ज्या कामासाठी वीज दिली त्याहून वेगळ्या कामाला वापरली म्हणून दुप्पट दरानं आकारणी. कधीपासून चालू होतं ते कळलं नाही तर तपासणीच्या आधीचे बारा महिने धरतात. मीटर तुमच्या नावावर, तेव्हा कागद तुमच्या नावानं येणार. काकूंच्या नाही.

वरच्या मजल्याचं युनिट किती येतंय?

औसारोडकर

सबमीटर आहे. उन्हाळ्यात ३४०-३६०, मिक्सर आणि डीप फ्रीज आहे. एरवी २५० च्या आसपास.

मीटर_रीडर

खाली-वर मिळून मेन मीटर एकच का? मग तर तीनशे कधीच ओलांडले. सबमीटर तुमच्या घरचा हिशोब आहे, आम्ही मेन मीटर वाचतो. वरच्यासाठी वेगळं मीटर मागून घ्या.

आणि सिलिंडर निळी आहेत ही काकूंची इमानदारी आहे. किती मेसवाले लाल चौदा किलोवाली जाळतात, ते बेकायदा आहे. फक्त जिन्यात ठेवायची नाहीत हो. आग लागली तर खाली उतरायची वाट तीच.

जालन्याचा_हिशोबनीस

आकडेमोड करू द्या. साठ डबे दोन वेळचे म्हणजे गिऱ्हाईक तीस. महिना २८०० धरले तर ८४ हजार, वर्षाचे दहा लाख आठ हजार. सुट्टीत पोरं गावी जातात ते वजा करा. म्हणजे जीएसटीची वीस लाखांची मर्यादा दूर आहे. खाद्य परवान्यातही एवढ्या उलाढालीला साधी नोंदणी पुरते.

बरं झालं म्हणा. जीएसटी नोंदणी असती तर पत्त्यापोटी तुमचं संमतिपत्र लागलं असतं, आणि नोंदणी असलेल्या भाडेकरूनं राहायचं घर घेतलं तर त्यानं उलट आकारणीनं, म्हणजे मालकाऐवजी स्वतः, भाड्यावर १८ टक्के भरायचे, हा नियम १८ जुलै २०२२ पासून आहे. एकट्याच्या मालकीचा धंदा असलेल्या भाडेकरूनं स्वतःच्या राहण्यासाठी घेतलं असेल तर १ जानेवारी २०२३ पासून सूट. अशा बाईला "स्वतःच्या राहण्यासाठी" म्हणायचं का "मेससाठी" म्हणायचं, यावर मी आणि अधिकारी दोघंही चहा संपेपर्यंत भांडलो असतो.

पण औसारोडकर, खाद्य नोंदणी काढताना त्यांनी जागेचा कागद कुठून आणला?

औसारोडकर

... ना हरकत पत्र मीच दिलंय. मागच्या वर्षी. पोरीनं टाइप करून आणलं होतं, मी सही केली.

खंडपीठ_कट्टा

अजून काय काय सही केलंय ते एकदाच सांगून टाका, म्हणजे मी चष्मा काढून ठेवतो.

बीडचा_बाप्पा

🙏🙏

शिलाई_ताई_परभणी

म्हणजे दादा, तुम्हीच हो म्हणालात, तुम्हीच पैसे वाढवले, तुम्हीच जेवलात. आता पाणी कमी पडायलं म्हणून काढायचं?

औसारोडकर

ताई, कबूल. पण टँकर पण मीच भरायलो ना.

पैठणगेट

मुलगा लग्नाचा झाला, जागा आम्हाला स्वतःला लागते, असं कारण टाका की. सगळे टाकतात.

खंडपीठ_कट्टा

मुलगा खरंच लग्नाचा असेल तर टाका, १६(१)(ग) त्यासाठीच आहे. तिथंही कोर्ट दोन्हीकडचा त्रास तोलतं, मालकाचा जास्त की भाडेकरूचा. आणि खोटं कारण सांगून ताबा घेतला, स्वतः राहायला न जाता दुसऱ्याला दिलं, तर आधीचा भाडेकरू ताबा परत मागू शकतो. औसारोडकरांचा मुलगा केवढा?

औसारोडकर

सातवीत.

खंडपीठ_कट्टा

मग राहू द्या.

आता कामाचं. दावा लावायचाच तर लागेल, लातूरच्या दिवाणी न्यायालयात, पुढं जिल्हा न्यायालयात अपील. पण तुमचं ना हरकत पत्र आणि ते फोनपेचे मेसेज बघता मी तुमचा वकील असतो तर पहिली फी घेण्याआधी काकूंशी बसायला सांगितलं असतं. तुम्हाला घर हवंय का पाणी हवंय? धागा पहिल्यापासून वाचला तर तुमची तक्रार पाण्याची आहे, मग जिन्याची, मग झोपेची. घर हवंय असं तुम्ही पहिल्या पोस्टच्या शेवटच्या प्रश्नांखेरीज कुठं म्हटलेलंच नाही.

बसलात तर चार गोष्टी ठरवा. नवा करार रजिस्टर करा. लिव्ह अँड लायसन्स केलात तर मुद्रांक एकूण रकमेच्या पाव टक्का, घरबसल्या ऑनलाइन होतो, मुदत साठ महिन्यांपर्यंत. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं, आणि तोपर्यंत दुप्पट शुल्क. पण त्या आज भाडेकरू आहेत, लायसन्सवर सही केली की स्वतःचा मोठा हक्क सोडतायत. हे त्यांना समजावून सांगा, त्यांच्या ओळखीच्या वकिलाला दाखवायला सांगा. गुपचूप सही घेतलेला कागद पुढं टिकत नाही, आणि टिकू पण नये.

वापराच्या कलमात "फक्त राहण्यासाठी" एवढंच लिहून थांबू नका. किती डबे, किती वाजेपर्यंत, कामाला बाहेरच्या बायका येणार की नाही, सिलिंडर कुठं, पाण्याचे पैसे कसे, हे लिहा. आकडा लिहिलेला असला की भांडण आकड्यावर होतं, माणसावर होत नाही.

एक सावधगिरी. कलम ३० म्हणतं की कायदा लागू झाला त्या दिवशी जी जागा राहण्यासाठी वापरात होती ती मालकानं धंद्यासाठी वापरू नये आणि वापरू देऊ नये. मोडलं तर मालकाला शिक्षा. तुमचं घर २०११ चं, त्यामुळं त्या तारखेला ते नव्हतंच. पण जुन्या वाड्यांचे मालक इथं वाचत असतील, त्यांनी "खाली मेस चालवू दे" असं लिहून देण्याआधी थांबावं. आणि नवं घर असलं तरी बांधकाम परवाना राहण्याचा आहे, महापालिकेनं बिगरनिवासी कर लावला तर कुणी भरायचा हेही ठरवा.

निवृत्त_गुरुजी_नांदेड

वाचनखूण साठवली. वकीलसाहेबांनी फुकट एवढं दिलं, हल्ली कुणी पत्ता सांगायलाही वेळ देत नाही.

नीट_रिपीटर

काका काय झालं??

औसारोडकर

तीन आठवड्यांनी लिहितोय, माफी असावी.

बसलो. मी, बायको, काकू, काका आणि पोरगी. मी वहीत लिहून नेलं होतं, काकूंनीही वही आणली होती. त्यांच्या वहीत टँकरचा हिशोब माझ्यापेक्षा चोख निघाला. कुठल्या तारखेला टँकर आला, किती वाजता टाकी भरली, भांड्याला किती गेलं. मला वाटायचं निम्मं पाणी वर जातं. त्यांच्या वहीप्रमाणं तिसरा हिस्सा. बायकोनं माझ्याकडं बघितलं, आमच्या अंगणातल्या बागेचा विषय तिथं निघाला, तो इथं काढत नाही.

मागच्या गल्लीत एक बंद शटर होतं, मुतारीला लागून म्हणून कुणी घेत नव्हतं. काकांनी ते भाड्यानं घेतलं. मोठा स्वयंपाक आणि भांडी जूनपासून तिकडं. तोपर्यंत इथंच, पण पोळ्यावाल्या बायका सहाला येतात आता, आणि सिलिंडरं गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये गेली, दोनच. वरचं मीटर वेगळं मागितलंय.

करार रजिस्टर केला. काकूंनी गावाकडच्या एका वकिलाला वाचून दाखवला, त्यानं दोन ओळी बदलल्या, आम्ही मानल्या. ऑनलाइन भरून घेणाऱ्या पोरानं विचारलं, "वापर निवासी का अनिवासी?" मी म्हणालो निवासी. काकू शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, शटर झालं तरी घरी चार डबे करीनच मी. पोरीच्या मैत्रिणी आहेत, त्यांना काय मुतारीपाशी जेवायला बोलावू?"

मग चार का वीस यावर अर्धा तास गेला. तो पोरगा घड्याळ बघायलेला. शेवटी बारा ठरले, कारण काकूंच्या घरच्या कुकरात एका वेळी बाराजणांचा भात होतो. कलम सातमध्ये लिहिलंय तसं: "परवानाधारक सदर निवासी जागेत राहत्या कुटुंबाव्यतिरिक्त जास्तीत जास्त १२ (बारा) व्यक्तींचे जेवण बनवू शकेल."

शिलाई_ताई_परभणी

छान केलंत दादा. माझ्या मालकाला हे कलम दाखवते, बाराच्या जागी ब्लाउज घालून.

नीट_रिपीटर

काका, त्या बारात माझं नाव आहे का तेवढं विचारा.